नेहमीसारखं पाणी

२० फेब्रुवारी

आजपासून मी रोजनिशी लिहिते आहे. लिहिते म्हणजे सांगते आहे, लिहितात विहीणबाई. मला अक्षर येत नाही आणि त्यांना रिकामं बसता येत नाही. माझ्या सुनेची आई ती. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आमच्याकडे विश्रांतीला आल्या आहेत. विश्रांती म्हणजे पाय स्टुलावर आणि तोंड चालू. आल्या आल्या त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. गेली चाळीस वर्षं मी डबा हलवून ओळखते आत काय आहे ते. म्हटलं, बाई, लिहायची एवढीच खाज असेल तर माझं लिहा.

"रोजनिशी खाजगी असते," त्या म्हणाल्या.

"आहेच की. माझी मला वाचता येत नाही. याहून खाजगी ती काय?"

(विहीणबाई, हे जसंच्या तसं लिहायचं. मध्ये आपली सुधारणा नको.)

घरात आम्ही चौघं. मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दिवसभर गिऱ्हाइकांना "आता दिसतंय? आता?" विचारतो, म्हणून घरी कुणाला काही विचारत नाही. सून शहराच्या पाणी खात्यात आहे. ती "आई" म्हणाली की आम्ही दोघी एकदम ओ देतो, मग ती कपाळाला हात लावते.

२४ फेब्रुवारी

सून हल्ली जेवणाच्या टेबलावरच कचेरी मांडून बसते. ताटं ठेवायला जागा नाही. आज मी विचारलंच, एवढं काय चाललंय?

तिने सांगितलं ते असं. जुनी फ्लशची टाकी दर वेळी जवळजवळ बादलीभर पाणी ओतते, नवी अर्ध्याहून कमी ओतते. नळांचं आणि शॉवरचं तेच. लोकांनी जुनं काढून नवं बसवावं, आणि जो बसवील त्याला शहराने निम्मे पैसे परत द्यावे, अशी तिची योजना. शहराच्या खिशात मात्र वारा. म्हणून एका मोठ्या निधीकडे अनुदान मागायचं. निधीवाले म्हणतात, आधी पाणी वाचतं हे दाखवा.

"मग दाखव," मी म्हटलं.

"दाखवणारच आहे. कसं ते सांगता येत नाही, आई."

सासूला सांगता येत नाही म्हणे! मी आपली गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याचा या घरात पूर्वी धाक होता. आता कुणाच्या लक्षातही येत नाही.

तिची नोकरी कराराची आहे. मेअखेर संपते. निधी आला तर तीन वर्षं वाढेल, नाही आला तर तिचं टेबल रिकामं. हे तिने सांगितलं नाही, विहीणबाईंनी सांगितलं. दोन वर्षं झाली, पोरगी या एकाच योजनेच्या मागे आहे. हल्ली जेवतेही कमी. विहीणबाई म्हणतात भाजीत मीठ जास्त होतं म्हणून.

२७ फेब्रुवारी

कळलं! सून गॅलरीत फोनवर बोलत होती आणि मी तिथेच कपडे वाळत घालत होते. आता कान काही दोरीवर टांगून ठेवता येत नाहीत.

"मार्चभर आमच्या गल्लीचे मीटर रोज वाचायचे. दुसरी एक गल्ली गोदामापलीकडची. रहिवाशांना अवाक्षर सांगायचं नाही. आकडे थेट निधीवाल्यांकडे जाणार," असं म्हणत होती.

आत्ता कळलं जानेवारीत घरोघर ते मीटर कशाला बसवले! तोवर आमच्याकडे पाण्याचं बिल ठोक असायचं, प्या नाहीतर सांडा. म्हणजे आमच्या गल्लीची परीक्षा आहे, आणि कुणाला पत्ताच नाही! सून सरळमार्गी आहे, स्वतःच्या गल्लीला आधी सांगणं तिला बरोबर वाटत नसेल. पण पाहुणे येणार हे कळल्यावर पसारा तसाच ठेवणारी मी नाही. तोंडात तीळ भिजत नाही असं लोक माझ्याबद्दल म्हणतात. या वेळी कारणासाठी भिजला नाही.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये सगळ्यांना जमवलं. पार्लरवालीने खुर्च्या दिल्या. मी म्हटलं, "उद्यापासून महिनाभर आपल्या गल्लीत थेंब वाया जाता कामा नये. शहराची लाज आपल्या हातात आहे."

धुलाईराव मागे उभे होते. त्यांचं खरं नाव काय ते त्यांच्या बायकोलाही आठवत असेल की नाही. रोज सकाळी पाइप लावून गाडी धुतात. मी त्यांच्याकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं.

"बरं," ते म्हणाले. "पुसून घेईन."

९ मार्च

विहीणबाई, नीट लिहा, हा सोन्याचा काळ आहे.

फ्लशच्या टाकीत आम्ही पिशवीत गुंडाळलेली वीट टाकली. मग गल्लीत घरोघर विटा गेल्या. शेवटच्या घराला वीट मिळाली नाही, त्यांनी इस्त्री ठेवली. जुनी, लोखंडी. आंघोळ बादलीत, आणि बादलीही वरून चार बोटं रिकामी. कपडे धुतलेल्या पाण्याने फरशी, फरशीच्या पाण्याने जिना. पार्लरवाली गिऱ्हाइकांना म्हणते, केस घरून धुऊन या. धुलाईरावांच्या गाडीवर आता बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ आहे, पण माणूस शब्दाला जागला.

विहीणबाईही मागे नाहीत. मशीनचं पाणी बादलीने न्हाणीघरातून जिन्यापर्यंत त्याच नेतात, मला हात लावू देत नाहीत. त्यांचा पाय जरा फुगलाय. हवा दमट आहे म्हणून असेल.

(त्या म्हणतात, हे लिहिणार नाही. लिहा हो. इथे डॉक्टर थोडेच वाचायला येणार आहेत!)

१८ मार्च

सुनेचं काहीतरी बिनसलंय. काल घरी येऊन म्हणते, "गोदामापलीकडची गल्ली ठीक आहे. आपल्याच गल्लीचे आकडे कसे इतके कमी? माणसं राहतात की नाही इथे?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. फार कष्टाने पाहिलं नाही.

आज खात्याचा माणूस येऊन धुलाईरावांचा मीटरच बदलून गेला. अडकलाय म्हणाला! आमच्या घामाला मीटर बिघडला म्हणतात. तोंडाशी आलं होतं, पण गिळलं. निकाल लागेल त्या दिवशी सुनेला कळेल तिच्या पाठीशी कोण उभं होतं ते.

१ एप्रिल

परीक्षा संपली! आज खात्याचे प्लंबर आले. दोन्ही गल्ल्यांत घरोघर नव्या टाक्या, नवे नळ, शॉवरला नवी तोंडं, सगळं चाचणीसाठी फुकट. मी विचारलं, हे बक्षीस का? प्लंबर म्हणाला, "तसंच समजा, आजी."

गल्लीला काय आनंद झाला! विटा बाहेर आल्या, इस्त्री बाहेर आली. संध्याकाळपासून प्रत्येक न्हाणीघरातून गाणी ऐकू येताहेत. धुलाईरावांनी गाडी दोनदा धुतली. एकदा मळासाठी, एकदा मनासाठी.

१४ एप्रिल

महिनाभर राहिलेलं सगळं धुणं निघालंय. पडदे, रजया, उशा, पायपुसणी. पार्लरवालीने "केस धुणे अर्ध्या दरात" अशी पाटी लावली आहे म्हणे, दारात रांग आहे. मी स्वतः आज शॉवरखाली निवांत उभी राहिले. इतकी निवांत की मुलाने, चक्क मुलाने, दार वाजवून विचारलं, "आई, बरी आहेस ना?"

२ मे

सून आज पायातले बूट न काढता टेबलाशी बसली. आम्ही दोघी समोर.

"लागला निकाल?" मी विचारलं. हसू आवरत नव्हतं.

"लागला. नव्या टाक्या बसवल्यावर आपल्या गल्लीचं पाणी वाढलं. दीडपट. पाणी वाचवायच्या टाकीने पाणी वाढवणारी जगातली पहिली योजना माझी."

"नव्या टाक्यांचं राहू दे. मार्चचं सांग. मार्चमध्ये आपण किती चांगले दिसलो?"

"मार्चमध्ये चांगलं दिसायचंच नव्हतं, आई! मार्च म्हणजे आधीचं पाणी. लोक नेहमी वापरतात तेवढं. एप्रिल म्हणजे टाक्या बसवल्यानंतरचं. दोन्हींत फरक दिसला तर निधी."

ती हातपाय धुवायला गेली. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि माझा एकटीचा नाही, सगळ्या गल्लीचा हात धरून दाखवला.

३ मे

सांगितलं.

आधी विहीणबाई म्हणत होत्या, सांगू नका, मीटरवरच जाऊ द्या. मी म्हटलं, तुमच्या लेकीची नोकरी जाते आहे आणि तुम्ही मीटरला धरून बसता? त्या म्हणाल्या, "लेकीची नोकरी आपल्यामुळे जाते आहे म्हणूनच. मला तुमच्या घरात आणखी काही दिवस जेवायचंय." दोघींनाही हसू आलं आणि दोघींनाही ते आवडलं नाही.

सून भाजी निवडत होती. मी फोन ऐकल्यापासून सगळं सांगितलं. पार्लर, विटा, इस्त्री. तिचे हात थांबले.

"धुलाईरावांनी गाडी धुणं थांबवलं?"

"महिनाभर."

"आम्ही तीन वर्षं त्यांच्या दारात पत्रकं टाकतोय, आई. खात्याचे दोन अधिकारी जाऊन आले. तुम्ही काय केलंत?"

"बघितलं त्यांच्याकडे."

ती हसायला लागली. हसता हसता टेबलावर डोकं टेकलं, मग उठून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. भाजी अर्धी निवडलेली तशीच राहिली. आम्ही दोघींनी निवडून टाकली. जेवायला कुणी आलं नाही.

७ मे

सुनेचे खात्यातले साहेब तिला म्हणाले, "तुमच्या गल्लीचं नावच काढून टाका. दुसऱ्या गल्लीचे आकडे छान आहेत, तेवढेच पाठवा."

सून दोन दिवस घरात येरझारा घालते आहे. मला वाटलं, हो म्हणेल. मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं, हे इथे खरंच लिहा, विहीणबाई. आज ती जेवताना म्हणाली, "प्रस्तावात दोन गल्ल्या म्हटल्या आहेत. एक गाळली आणि उद्या कुणी विचारलं की त्या गल्लीत कोण राहतं, तर? मी झालं तसं लिहून पाठवलं."

"सगळं? काय लिहिलंस?"

"'एका ज्येष्ठ रहिवाशाच्या पुढाकाराने मार्चमध्ये पाण्याचा वापर कृत्रिमरीत्या घटला.'"

"ज्येष्ठ! आणि नाव?"

"नाव नाही घालत, आई."

"एवढी गल्ली हलवली आणि नाव नाही?"

"मीही होते म्हणावं," विहीणबाई म्हणाल्या.

सुनेने कपाळाला हात लावला. मग मुलगा म्हणाला, "दोन ज्येष्ठ रहिवासी कर." त्याचं या आठवड्यातलं हे पहिलं वाक्य.

१६ मे

निधीवाल्या बाई स्वतः आल्या. सडपातळ, पांढरे आखूड केस, हातात आपली पाण्याची बाटली. मी चहा विचारला तर म्हणाल्या, अर्धा कप, उरतो. मला बाई आवडल्या आणि भीतीही वाटली.

आमच्याच टेबलाशी बसल्या. सून शेजारी, तिच्याजवळ साहेब, आणि साहेब मांडीवरच्या फायलीला असे धरून बसलेले, जशी काही फाइल पळून जाईल.

"तुम्हीच का त्या?" बाईंनी विचारलं.

"मी आणि ह्या," मी म्हटलं. विहीणबाई स्टुलावरच्या पायासकट जरा ताठ झाल्या.

बाईंनी सगळं विचारून घेतलं. सांगायचं नाही म्हटलं तरी मला सांगताना जोर चढला. इस्त्रीवर तर त्या हसल्यासुद्धा. मग बाटली बाजूला ठेवून म्हणाल्या, "बोलण्यावर इतकं पाणी वाचतं, तर नव्या टाक्या कशाला? माझा निधी कशाला?"

साहेबांनी डोळे मिटले. सून काही बोलणार होती, पण बाई माझ्याकडे बघत होत्या.

"बाई," मी म्हटलं, "पाहुणे यायचेत म्हणून महिनाभर घर आरशासारखं ठेवता येतं. जन्मभर कोण ठेवतं? ह्यांचा गुडघा बघा. बादल्या उचलून पुन्हा सुजला, डॉक्टर ओरडले. पार्लरवालीची गिऱ्हाइकं पलीकडे गेली. धुलाईरावांच्या घरी नवरा-बायको आठ दिवस बोलत नव्हते, गाडी धुवायला मिळेना म्हणून माणूस घरात बसून चुका काढायचा. आणि महिना संपल्यावर आम्ही काय केलं ते तुमच्या कागदावर आहेच. माणसाला हौस येते आणि जाते. टाकीला हौस नसते. ती आपली रोज तेवढंच पाणी सोडते, कुणी बघो न बघो."

माझं मलाच वाटलं, वा!

"बोलता छान," बाई म्हणाल्या. "पण बोलण्यावर मला सही करता येत नाही. आकडे हवेत." मग सुनेकडे वळल्या. "जून पुन्हा मोजा. दोन्ही गल्ल्या. तुमच्या गल्लीच्या मार्चचा उपयोग नाही, त्या जागी दुसऱ्या गल्लीचा मार्च धरू, घरं सारखीच आहेत." मग परत माझ्याकडे. "या वेळी सगळ्यांना सांगा. काय सांगायचं? नेहमीसारखं वागा. वाचवायचं नाही, उधळायचं नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं.

साहेबांनी कुरकुरत सुनेचा करार जुलैअखेरपर्यंत वाढवला.

३ जून

नेहमीसारखं म्हणजे कसं, ते कुणालाच आठवत नाहीये.

सकाळी न्हाणीघरात उभी राहिले आणि कळेना, मी नेहमी किती तांबे घेते? कमी घेतले तर वाचवणं, जास्त घेतले तर उधळणं. शेवटी बाहेर येऊन विहीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? मी काय मोजत बसते?" धुलाईराव सकाळी पाइप घेऊन माझ्या दारात उभे. "आजी, रोज धुवायची ना? की एक दिवसाआड?" मी म्हटलं, "मला विचारू नका हो! मी काही बोलायचं नाही, असा हुकूम आहे!" त्यावर ते अर्धी गाडी धुऊन गेले.

सून म्हणते, "आई, तुम्ही फक्त काही करू नका." आयुष्यात इतकं अवघड काम मला कुणी सांगितलं नव्हतं.

८ जून

मला एक युक्ती सुचली होती. मी इथे असले की बोलणारच. विहीणबाईही बोलणार. तेव्हा आम्ही दोघींनी महिनाभर माझ्या लेकीकडे जायचं. बॅगा भरल्या, रिक्षा बोलावली.

सून नेमकी दुपारी घरी आली. जिन्यात बॅगा बघून तिने हातातली पिशवी खाली टाकली.

"कुठे निघालात?"

"तुझ्या भल्यासाठी जातोय."

"घरातली दोन माणसं गेली तर घराचं पाणी निम्मं होईल! आकडा पुन्हा चुकेल! आई, वर चला. आई, तू पण!"

एकदाच दोघींना वेगवेगळी हाक मारली. आम्ही वर आलो. रिक्षावाल्याला पाणी पाजलं. मग शंका आली, हे नेहमीसारखं धरायचं का? सून म्हणाली, "धरा."

२७ जून

लिहिण्यासारखं काही नाही. खरं म्हणजे हीच बातमी आहे. गाडी धुतली जाते, पार्लर चालतं, कपडे वाळतात, टाकी भरते आणि थांबते. दोन-तीन दिवस मी पाण्याचा विचारही केला नाही.

सून मात्र रोज घरी आली की आधी आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघते. आज काय करून ठेवलं, असं. आम्ही दोन्ही हात वर करून दाखवतो.

२ जुलै

आकडे आले. गोदामापलीकडची गल्ली पाव हिश्श्याहून थोडी कमी. आमची त्यांच्या मार्चशी ताडून पाचवा हिस्सा कमी. "धुलाईराव धरून," सून म्हणाली. पाठवले. आता निधीवाल्यांच्या हातात.

विहीणबाईंच्या गुडघ्याला डॉक्टरांनी सोडलं. घरी जायला मोकळ्या झाल्या. निकाल लागेपर्यंत राहते म्हणतात. मी म्हटलं, राहा, डब्यांवरच्या चिठ्ठ्या सुटत आल्यात.

१९ जुलै

सून दुपारीच घरी आली. दारात उभी राहून म्हणाली, "मिळाला. तीन वर्षांचा नाही, एका वर्षाचा. आधी एक वर्ष करून दाखवा म्हणतात."

"तुझी नोकरी?"

"एक वर्ष."

विहीणबाई म्हणाल्या, एकच? मी म्हटलं, एक तर एक, वर्षाला बारा महिने असतात, त्यातला एकही आता मी बिघडवणार नाही. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "अरे वा." त्याच्या मानाने हे भाषण झालं.

मला वाटलं, सून नाचेल. ती नुसती उभी होती. मग म्हणाली, "खूप गरम होतंय. मी डोक्यावरून आंघोळ करून येते." आणि आत गेली.

शॉवरचा आवाज सुरू झाला. मी चहा ठेवला, चहा झाला. आवाज चालूच. दोनदा आंघोळ होईल इतका वेळ गेला. एरवी ही पोरगी दात घासतानाही नळ बंद करते. विहीणबाई उठल्या, दाराशी गेल्या, हात वर केला. मी खूण केली, राहू द्या. त्या तशाच दारापाशी उभ्या राहिल्या. मग परत येऊन माझ्या शेजारी बसल्या. लिहायची वही उघडली आणि काहीच लिहिलं नाही. मी काही सांगतच नव्हते.

शेवटी पाणी थांबलं. सून बाहेर आली, चहा घेतला, चांगला झालाय म्हणाली.

केस कोरडे ठक्क. टॉवेलची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

एवढा वेळ शॉवर चालू आणि एक केस भिजला नाही! नवी तोंडं पाणी कमी सोडतात हे ठाऊक होतं, पण इतकं कमी? हे त्या निधीवाल्या बाईंना कळवायला हवं. विहीणबाई, नाक नंतर पुसा, आधी हे लिहा.